थांबलेला गाल

रोवणी आटोपली की आमच्याकडे घराघरांतून दोन वस्तू बाहेर निघतात. बैलांच्या झुली आणि पत्त्यांचा कॅट. झुलींना ऊन दाखवावं लागतं. पत्त्यांना फक्त चार रिकामी माणसं लागतात, आणि श्रावण सरत आला की सालेकशाच्या या बाजूला रिकाम्या माणसांना तोटा नसतो. महिनाभर चिखलात वाकलेल्या पाठी सरळ होत असतात. बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानाने मूळ धरलेलं असतं आणि पिवळट रोप एका आठवड्यात असं हिरवं होतं की डोळे तिथून हलत नाहीत. दरेकशाच्या डोंगराकडे निघालेली गाडी दुपारची शिट्टी देते, आणि ती शिट्टी विरली की शाळेच्या ओसरीतून पत्ते पिसल्याचा आवाज ऐकू येतो. फर्रर्र.

गेली सहा-सात वर्षं तो आवाज आला की मी सायकलचं पायडल जोरात मारतो. यंदा मारलं नाही. सायकल ओसरीला टेकवली आणि वर गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण तिथं बसल्यावर जे आठवलं ते सांगता येईल.

बाहेरच्या माणसाला पोळा म्हणजे बैल एवढंच ठाऊक असतं. आमच्याकडे पोळा म्हणजे बैल आणि तीन पत्ती. पोळ्याच्या आधीचे आठ दिवस जो पत्ते खेळत नाही तो एकतर आजारी असतो किंवा नवा जावई. खेळ अगदी सोपा. प्रत्येकाला तीन पत्ते. पाहून खेळायचं किंवा न पाहता. न पाहता खेळणं म्हणजे ब्लाइंड. ब्लाइंडवाल्याने एक टाकला तर पाहिलेल्याने दोन टाकायचे. झेपलं नाही तर पत्ते उलटे ठेवून ‘पॅक’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. शेवटी दोघं उरले की पत्ते उघडायचे. तीन एकसारखे पत्ते सगळ्यांत मोठे, त्याखाली एकाच रंगाचे ओळीने तीन. एवढं कळलं की माणूस खेळू शकतो. जिंकायला मात्र दुसरंच काही लागतं.

ते दुसरं मला सोमानं शिकवलं. सोमा माझा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या घरी जमीन नव्हती, बैल नव्हते. आमच्या चार एकरांत नांगरणी असो, चिखलणी असो, सोमा माझ्यासोबत असायचा. पोळ्याला मी माझ्या बैलांचा, चांदा आणि कबऱ्याचा, दोर धरून पुढं चालायचो आणि सोमा त्यांच्या मागून, हातात हिरवी फांदी घेऊन, माश्या हाकत. पंचवीस-तीस वर्षं हे असंच चाललं. कुणी ठरवलं नव्हतं. असंच होतं, म्हणून असंच होतं.

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डबा सोडला की सोमा माझ्यासमोर पत्ते मांडायचा. त्याची शिकवण शेतातूनच यायची. ‘जो धडाधड टाकते ना, त्याले आडवं जाऊ नोको,’ तो म्हणायचा. ‘तो मुसळधार पानी आहे. पडते तं पडू दे. तू धुरा बांधून बसून राय. पानी आपोआप तुयाच बांधीत साचते.’ म्हणजे असं, की चांगला पत्ता हातात आला तर आपण वाढवायचं नाही. समोरचा अंगावर धावून येणारा असेल तर त्यालाच धावू द्यायचं. आपण कुरकुरत, मान खाली घालून, नाइलाज असल्यासारखं तेवढ्यास तेवढं टाकत राहायचं. भित्र्या माणसासमोर मोठा पत्ता वाया जातो, तो लगेच पळतो. मोठ्या पत्त्याला समोर दांडगाच माणूस हवा.

आणखी एक नियम त्याचा होता आणि त्यावर तो फार कडक होता. पॅक केलेला पत्ता उलटून पाहायचा नाही. ना आपला दाखवायचा, ना दुसऱ्याचा पाहायचा. ‘जो पायते ना, तो मानूस नाही,’ एवढं बोलून तो पुढचे पत्ते वाटायचा.

एकदा असंच खेळताना तो हसायला लागला. मी विचारलं, ‘काऊन हसून राहिलास गा?’

‘तुया गाल,’ तो म्हणाला. ‘चांगला पत्ता आला का तुया गाल थांबते.’

मी तेव्हा खर्रा खायचो. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो ऐवज आमच्या तालुक्यात पाण्याखालोखाल लागतो. माझा डावा गाल दिवसभर हलत असायचा. आणि मोठा पत्ता दिसला की म्हणे तो गाल जागच्या जागी थांबायचा. मला हे ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक नव्हतं. आपल्या चेहऱ्यावर आपलं काय चाललेलं असतं हे आपल्याला कधीच दिसत नाही, समोर बसणाऱ्यालाच दिसतं. आणि समोर कुणाला बसवायचं हे आपण फार विचार करून ठरवत नाही. सोमा म्हणाला, ‘कोनाले सांगन नाही मी.’ आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. धुऱ्यावर तेव्हा तूर फुलली होती.

पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी कुणाची, हा आमच्या गावात मानाचा प्रश्न. पूर्वी तो मान पाटलांच्या घरचा. पाटलांची मुलं नागपूरला गेली, बैल गेले, मान उघडा पडला. दोन पोळे लागोपाठ भांडणात गेले. एकदा तर बैलांच्या आधी माणसांनीच एकमेकांना शिंगं दाखवली. शेवटी म्हाताऱ्या मंडळींनी तोडगा काढला: तसेही पत्ते खेळताच, तर पैशाविना खेळा, आणि जो शेवटपर्यंत टिकेल त्याची जोडी पहिली. पैशाऐवजी चिंचोके. कुणी घरचे चिंचोके खिशातून आणू नयेत म्हणून सगळे चिंचोके बैलांच्या शिंगांना लावायच्या लाल रंगात बुडवून काढले. प्रत्येकाला पन्नास. संपले की उठायचं.

माझ्या चांदाचा मागचा पाय त्या वर्षी गेला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, याला आता कामाला लावू नका. चिखलणी मी ट्रॅक्टर सांगून केली आणि चांदा गोठ्यातून त्या आवाजाकडे कान करून उभा राहायचा. आयुष्यभर तो तोरणाखाली चौथा-पाचवा उभा राहिला होता. पुढचा पोळा त्याला नव्हता, हे मला दिसत होतं. एकदा, एकदाच, त्यानं सगळ्यांच्या पुढं उभं राहावं, पहिलं कुंकू त्याच्या कपाळाला लागावं, एवढंच माझ्या मनात होतं. हे मी फक्त सोमाला सांगितलं. तो म्हणाला, ‘मंग जिंकतो ना आपुन.’ आपुन म्हणाला होता. मला तो शब्द अजून टोचतो.

खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, ओसरीत शेवटचे पाच उरले. त्यात मी आणि झनकलाल. झनकलालचं नवं घर रस्त्याला लागून, नवी बैलजोडी छत्तीसगडातून आणलेली, पांढरीशुभ्र, अजून जुवाची खूणसुद्धा खांद्यावर नसलेली. तो पत्ते बघतच नसे. ब्लाइंड, ब्लाइंड, ब्लाइंड. मूठ भरून चिंचोके असे आपटायचा की चटईवरची धूळ उडायची. ‘देखो भाऊ, जिगर होना,’ म्हणायचा. जोडी आलेले, रंग आलेले भलेभले त्याच्या मुठीकडे पाहून पत्ते टाकायचे. मला त्याची भीती वाटली नाही. हा मुसळधार पाऊस आहे, मी मनात म्हटलं, आणि माझा धुरा तयार आहे.

सकाळी इस्पिकचे सात, आठ, नऊ आले. मी पाठ वाकवली. उसासा सोडला. झनकलाल आपटत गेला, मी नियमाचं दुप्पट तेवढं सरकवत गेलो. एकदा तर ‘जाऊ द्या, पॅकच करतो,’ असंही पुटपुटलो आणि त्यानं आणखी एक मूठ आपटली. शेवटी त्यानं पत्ते उचलून पाहिले, दोन राण्या होत्या, आणि मोठ्या थाटात उघडायला सांगितलं. मी पत्ते उलटले तेव्हा ओसरीत कुणीतरी शिट्टी मारली. लाल ढीग माझ्याकडे आला. मागं बसलेल्या सोमानं माझ्या पाठीवर थाप दिली. ती थाप खरी होती, असं मला आजही वाटतं. तेवढी तरी खरी असू द्यावी.

जेवायच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघंच उरलो आणि माझा ढीग त्याच्याहून मोठा होता. मी घरी गेलो. सोमा नेहमी माझ्याकडे जेवायचा. त्या दिवशी म्हणाला, ‘तू जा, मी येतोच.’ आला नाही. मला वाटलं, त्याच्या आईचं काही असेल.

दुपारनंतर खेळ फिरला. मला बरा पत्ता आला की झनकलाल पत्ते टाकून द्यायचा. मला भिकार पत्ता आला की मूठ आपटायचा. एकदा, दोनदा, पाचदा. नशीब म्हणून मी सोडून दिलं. माझा ढीग असा उतरत होता, जसं धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलं की पाणी उतरतं: वरून धुरा ठीकठाक दिसतो, बांधी मात्र रिकामी होत जाते. ओसरीबाहेर बायका पळसाची पानं आणायला निघाल्या होत्या. कुणाच्या तरी घरी तुपात हळद कढत होती, तिचा वास येत होता.

आणि मग मला तीन राजे आले.

तीन राजे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, त्यानंतरही नाही. पत्ते एकेक करून सरकवत पाहिले: बदाम, किलवर, चौकट. मी ते खाली ठेवले. पाठ वाकवली. कान खाजवला. आयुष्यभराचं शिक्षण मी त्या एका मिनिटात वापरलं. मला आठवतं, मला चांदाचं कपाळ दिसत होतं आणि त्यावर कुंकू.

झनकलालची मूठ भरलेली होती, वर उचललेली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही. जरा खाली, डाव्या बाजूला. मग मूठ हळूच परत ढिगात रिकामी केली, आपले न पाहिलेले पत्ते तसेच उलटे सरकवले आणि म्हणाला, ‘पॅक.’

दिवसभर ज्या माणसानं कचऱ्यावर मुठी आपटल्या, त्यानं न पाहता टाकून दिले. माझ्या तीन राजांना मिळाले दोन चिंचोके, डाव सुरू होताना दोघांनी ठेवलेले. मी अजून मान वर केली नव्हती, तेवढ्यात तो हसत म्हणाला, ‘शिवाभाऊ, खर्रा तं चावा.’

लोक हसले. त्यांना कशाचं हसू आलं ते त्यांनाही कळलं नसेल. मी मागं वळून सोमाकडे पाहिलं. तो ओसरीच्या पत्र्याकडे पाहत होता. मी कधी त्याला पत्र्याकडे पाहताना पाहिलं नव्हतं. त्या पत्र्यात पाहण्यासारखं काही नाही.

त्यानंतर मी अर्धा तास खेळलो. तो खेळ नव्हे. मी गाल मुद्दाम हलवायला लागलो, मग थांबवायला लागलो, मग माझा गाल कधी हलतो आणि कधी नाही हे माझं मलाच कळेना. ज्याला स्वतःच्या तोंडावर भरवसा उरला नाही त्यानं पत्ते धरू नयेत. उन्हं कलायच्या आत मी उठलो. तीन राजे होते हे मी कुणाला सांगितलं नाही. नियम तसा होता.

वाईट पत्त्याचं एक बरं असतं. तो कुणालाही दाखवता येतो, त्यावर हसता येतं, चार जण हळहळतात. चांगला पत्ता आला की माणूस एकटा पडतो. तो लपवावा लागतो, तोंड पाडून बसावं लागतं. अशा वेळी मागं बसलेला एक जण तरी आपला आहे, या भरवशावर तो डाव निभतो. समोरच्या दांडग्याचा मला आजही राग नाही. तो समोर होता, त्याचं कामच ते होतं. राग त्याचा येतो, जो पाठीशी बसून माझ्या गालाचा हिशेब दुसऱ्याच्या ताटात वाढून आला.

संध्याकाळी सोमा दरवर्षीसारखा आला. हातात पळसाची पानं. खांदशेकणीला बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावायचं, पानानं शेकायचं आणि म्हणायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दरवर्षी चांदाचा खांदा मी शेकायचो आणि कबऱ्याचा तो. त्या दिवशी मी त्याला गोठ्याच्या दाराशीच अडवलं.

‘काऊन सांगतलास?’

तो पानं चाचपत राहिला. ‘पत्त्याचा खेळ आहे गा. त्याच्यात का होते.’

‘सोमा, काऊन सांगतलास?’

‘झनकभाऊनं म्हटलं, पयला नंबर आला तं दोर तू धरजो.’ मग एकदम मान वर करून म्हणाला, ‘जलमभर तुया बैलाच्या मांगून चाललो मी. तू कदी म्हनलास का, घे सोमा, आज दोर तू धर?’

मी म्हटलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही. सुचलंच नाही. त्यानं मागितला असता तर दिला असता, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे, आणि दर पोळ्याला त्यावरचा माझा विश्वास थोडा कमी होतो. पण तरी. त्याला माझ्यावर रागवायचं होतं तर रागवायचं होतं, दोर हिसकवायचा होता तर हिसकवायचा होता. गाल माझा होता. तो मी त्याला विश्वासानं दाखवला होता, आणि त्यानं तो विकला.

‘पानं ठेव आन् जाय,’ मी म्हणालो. तो ठेवून गेला. कबऱ्याचा खांदा मीच शेकला.

पोळ्याच्या दिवशी सोमा पांढरा सदरा घालून आला. घडीची रेघ अजून होती. झनकलालच्या पांढऱ्या जोडीचा दोर त्याच्या हातात, आणि तो दोरसुद्धा नवा, सुताचा. तोरणाखाली पहिला. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, तोरण तुटलं, जोड्या निघाल्या. त्याची म्हातारी आई शाळेच्या पायरीवर चढून उभी होती, डोळ्यांवर हात धरून, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते पाहून माझ्या पोटात काहीतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाच मला जास्त राग आला. चांदा माझ्याजवळ तीन पायांवर भार देऊन उभा होता. ओळीत चौथा.

तोरणानंतर बैल घरोघरी जातात. घरची बाई त्यांचे पाय धुते, ओवाळते, आणि दोर धरणाऱ्याला बोजारा देते, ज्याचा जो मान असेल तो. पहिली जोडी सगळ्या घरी जाते, म्हणजे आमच्याही आली. माझी बायको सुमित्रा ताट घेऊन बाहेर गेली. मी गोठ्यात होतो, मला ऐकू येत होतं.

‘या सोमाभाऊ.’

‘शिवा कोठी गेला?’

‘त्याईच्या आंगात ताप आहे.’

पाय धुतल्याचं पाणी ओट्यावरून वाहत गोठ्याच्या दारापर्यंत आलं. तिनं त्याला बोजारा दिला, धोतरजोडीचा. तो मी वर्षभर आधी त्याच्यासाठीच घेऊन ठेवला होता. मग घुंगरं वाजत लांब गेली. चांदाच्या खांद्यावरची हळद माझ्या हाताला लागली होती, आणि बोटांवर चिंचोक्यांचा लाल रंग होताच. तो तीन दिवस गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, निघाली. खोकला, खरूज, रोगराई, सगळं घेऊन जा असं ओरडत लोक शिवेकडे जातात, आणि ज्याच्या मनात जे सलत असेल ते तो आपलं आपण त्यात जोडतो. त्या पहाटे माझ्या ओठांवर सोमाचं नाव आलं होतं. मी खोकला म्हणालो. चांदा माघात गेला.

आता खर्रा सुटला. तोंड नीट उघडेना म्हणून गोंदियाला दाखवलं, डॉक्टरांनी गालात बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, ‘अब एक दाना भी नहीं.’ दोन वर्षं झाली. माझा गाल आता कायमचा थांबलेला आहे. ज्या गालानं मला उघडं पाडलं तो आता काहीच सांगत नाही, आणि हे शहाणपण ज्या खेळासाठी उपयोगी पडलं असतं तो खेळ मी सोडला होता.

तर यंदा मी ओसरीत गेलो. तिघं होते, चौथा हवा होता. सोमा पत्ते पिसत होता. केस पांढरे झालेत. तीन वर्षांपूर्वी त्यानं थोडी बांधी ठेक्यानं घेतली, मग एक लहानशी जोडी. गावात आता तीनच जोड्या उरल्यात; मानासाठी पत्ते खेळायची गरज संपली. यंदा पहिली जोडी सोमाचीच. माझा गोठा रिकामा आहे, त्यात आता सरपण असतं.

मी चौथा बसलो. त्यानं मला पत्ते वाटले. चिंचोके साधेच होते, तपकिरी. दोघं लवकर गळाले आणि सोमा आणि मी उरलो. मी पत्ते उचलून पाहिले. बदामाचा राजा, राणी, गुलाम. एकाच रंगाचे ओळीने तीन.

सोमानं माझ्याकडे पाहिलं. जरा खाली, डाव्या बाजूला. सवय असते. तिथं काही नव्हतं. तो पाहत राहिला, आणि मग चिंचोका टाकायच्या ऐवजी हळू आवाजात म्हणाला, ‘शिवा, औंदा दोर तू धरतो का? माया बैलाचा.’

पिंपळाची पानं हलत होती. गाडीची शिट्टी झाली. मला चांदाचं कपाळ आठवलं, कोरडं. मी हो म्हणालो असतो तर कदाचित तिथंच काहीतरी मिटलं असतं, आणि त्यानं ते माझ्या तोंडावर वाचलं असतं.

मी राजा, राणी आणि गुलाम उलटे ठेवले. ‘पॅक,’ म्हणालो.

‘कोनते पत्ते होते?’ त्यानं विचारलं.

‘काही नोहोतं.’

त्याचा हात माझ्या पत्त्यांवर गेला. उचलून त्यानं ते क्षणभर तसेच उपडे धरले. एक बोट वळवलं असतं तर त्याला सगळं कळलं असतं. पण पॅक केलेला पत्ता पाहायचा नाही, हा नियम त्याचाच होता. तेवढा त्यानं पाळला, आणि पत्ते कॅटात घालून पुन्हा पिसायला लागला.